किमान वेतन आणि जादा कामाचे दाम : बुलढाणा जिल्ह्यातील मजुराला कायदा काय देतो?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतन विधेयक मांडले गेले, ते त्यांच्याच खात्याकडून. स्वातंत्र्यानंतर बाबू जगजीवनराम मजूरमंत्री असताना ते मंजूर झाले आणि १५ मार्च १९४८ पासून कायदा लागू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा ‘वेतन संहिता, २०१९’ या नव्या कायद्याने घेतली आहे.

आपल्या जयंतीच्या व्यासपीठांवर बाबासाहेबांच्या संविधाननिर्मितीची माहिती भरपूर सांगितली जाते. मजूरमंत्री म्हणून त्यांनी केलेल्या कामाचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला जातो. त्यामुळे आपल्याच वस्तीतल्या मजूर बाईला तिचा हक्क काय आहे, हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून बुलढाणा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून आम्ही ही माहिती एकत्र मांडत आहोत. कायदा इथवर कसा आला, त्यातून कोण सुटले, आता काय बदलले आणि आपण काय करू शकतो, हे यात क्रमाने येईल.

जिल्ह्याचे चित्र

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या आसपास होती आणि त्यात बौद्धांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा मुख्यतः कोरडवाहू शेतीचा आहे. कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिके. खामगाव आणि मलकापूरला औद्योगिक वसाहती आहेत, जिनिंग-प्रेसिंग आहे, डाळ मिल आहेत. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये बियाण्यांचे काम चालते. बाकी मजुरी म्हणजे निंदण, वेचणी, सोंगणी, वीटभट्टी, बांधकाम, बाजार समितीतली हमाली, नगरपालिकेची कंत्राटी सफाई आणि दुकानातली नोकरी.

या यादीतल्या बहुतेक कामांत ठरलेली वेळ नसते, हजेरीपट नसतो, पगाराची पावती नसते. किमान वेतनाचा प्रश्न इथे म्हणूनच अवघड होतो. दर कागदावर असतो, पण किती तास काम झाले आणि किती पैसे मिळाले, याची नोंद कुठेच नसते.

खामगावच्या जिनपासून सुरुवात

वऱ्हाडचा कापूस आणि खामगावची बाजारपेठ यांचे नाते जुने आहे. केवळ कापसाच्या वाहतुकीसाठी १८७० साली जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा टाकला गेला. कापसाबरोबर जिन आले आणि जिनमध्ये रुई-सरकी वेगळी करायला बाया आल्या.

देशातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. जिन हा हंगामी धंदा, म्हणजे तो बाहेर राहायला वाट मोकळी. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीतल्या कामगाराला आठवड्याचा एक दिवस मिळाला. हंगामी जिनमधल्या मजुराचे दिवस मात्र तसेच राहिले. १९०७-०८ च्या कारखाना मजूर आयोगासमोर जिनमध्ये सतरा-अठरा तास काम घेतले जात असल्याची माहिती आली होती.

पुढेही हंगामी आणि बारमाही असा भेद कायम राहिला. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्याला आठवड्याचे ५४ तास, तर हंगामी कारखान्याला ६० तास होते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे ४८ आणि ५० वर आणले आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने हा भेद काढून टाकला. जिनमधल्या मजुराला कायद्यात गिरणी कामगाराच्या बरोबरीने उभे राहायला १८८१ पासून सदुसष्ट वर्षे लागली.

हा इतिहास लक्षात ठेवण्याचे कारण असे की कामगार कायदा करताना कुठेतरी एक रेघ ओढली जाते. अमुक संख्येपेक्षा कमी कामगार, अमुक महिन्यांपेक्षा कमी काम, अमुक प्रकारचा धंदा, असे म्हणून काही लोक बाहेर ठेवले जातात. त्या रेघेबाहेर बहुधा भूमिहीन, दलित, आदिवासी, भटके आणि स्त्रियाच असतात. कायद्याचा विस्तार म्हणजे ही रेघ पुढे सरकवणे.

१९४८ चा कायदा : यादीतले आणि यादीबाहेरचे

किमान वेतन कायदा सर्वांना सरसकट लागू नव्हता. कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती आणि तिच्यात नाव असलेल्या धंद्यांनाच दर ठरवले जात. पहिल्या भागात डाळ-भात-पीठ गिरण्या, तेल गिरण्या, विडी, रस्ते व इमारत बांधकाम, दगडफोड, चामड्याचे काम, स्थानिक संस्थांमधले काम अशी कामे होती. शेती दुसऱ्या भागात होती आणि शेतीचे दर ठरवण्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. एखाद्या धंद्यात संपूर्ण राज्यात एक हजारापेक्षा कमी कामगार असतील, तर दर न ठरवण्याची मुभाही सरकारला होती.

कायदा मोडणाऱ्या मालकाला दंड होता कमाल पाचशे रुपये आणि कैद सहा महिन्यांपर्यंत. कमी मिळालेल्या मजुरीचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागे. १९४८ साली पाचशे रुपये ही मोठी रक्कम होती, पण ती तिथेच राहिली आणि दंडाचा धाक संपला.

तरीही याच कायद्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने एक फार मोठे तत्त्व प्रस्थापित केले. दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात, न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मनाई केलेली वेठबिगारी आहे. मजूर स्वतःहून कामावर आला, कमी पैशाला तयार झाला, ही सबब चालणार नाही, कारण भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की मदतीचे काम आहे म्हणून सरकारलाही किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही.

वेठबिगारीविरुद्ध आपल्या आजोबा-पणजोबांनी, महारकी आणि येसकरकीविरुद्ध लढून, जे मिळवले त्याच परंपरेतला हा निकाल आहे. कमी मजुरी हा केवळ पैशाचा वाद राहत नाही, तो मूलभूत हक्काचा भंग ठरतो.

वेतन संहितेने काय बदलले?

वेतन संहितेने चार जुने कायदे एकत्र केले : वेतन प्रदान अधिनियम १९३६, किमान वेतन अधिनियम १९४८, बोनस अधिनियम १९६५ आणि समान मोबदला अधिनियम १९७६. कामगार संघटनांचे चारही नव्या संहितांवर गंभीर आक्षेप आहेत, विशेषतः संप आणि कामगार कपातीच्या तरतुदींवर. त्यांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. इथे मजुरीपुरते पाहू.

पहिली गोष्ट, अनुसूचीची अट गेली. किमान वेतनाचा हक्क आता संघटित-असंघटित सर्व क्षेत्रांतल्या कामगारांना आहे. शेतमजूरही त्यात आले.

दुसरी, ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम घेतले तर प्रत्येक जादा तासाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट पैसे द्यावे लागतात. तासाचा काही भाग काम झाले तरी पैसे लागू होतात.

तिसरी, मजुरी कधी द्यायची हे ठरलेले आहे. रोजंदारीचे पैसे काम संपल्यावर त्याच दिवशी, आठवड्याची मजुरी साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. कामावरून काढले किंवा मजुराने काम सोडले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा आहे.

चौथी, एकाच किंवा सारख्या कामासाठी स्त्री-पुरुष भेद करून मजुरी ठरवता येत नाही. गावात ‘गड्याचा रोज’ आणि ‘बाईचा रोज’ असे दोन दर सहज बोलले जातात. १९७६ पासून ते बेकायदेशीर आहे आणि आजही आहे.

पाचवी, दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षे झाली. कमी दिलेल्या रकमेसोबत तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दावा मजूर स्वतः, त्याची कामगार संघटना किंवा निरीक्षक करू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

सहावी, कमी वेतन देणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सातवी, ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर ज्या आस्थापनेसाठी काम झाले तिच्या मालकावर जबाबदारी येते. कंत्राटी कामगारांनी हे कलम पाठच करून ठेवावे.

किमान वेतनापेक्षा कमी घेण्याचा करार, मग तो तोंडी असो की अंगठा घेऊन केलेला, कायद्यात शून्य आहे. ‘तूच तर हो म्हणाला होता’ हे मालकाचे उत्तर टिकत नाही.

उक्ते काम आणि जादा तास : हिशेब करून पाहू

आपल्या भागात कापूस किलोवर वेचला जातो आणि सोयाबीनची सोंगणी एकरावर दिली जाते. उक्ते काम घेतले म्हणजे किमान वेतन लागू नाही, असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे. कामाच्या प्रमाणावर मजुरी असली तरी दिवसाचे किमान वेतन मिळालेच पाहिजे, असे जुना कायदाही सांगत होता आणि नवा कायदाही सांगतो.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे फक्त हिशेब समजण्यासाठी आहेत. समजा आठ तासांचे किमान वेतन ४०० रुपये आहे आणि वेचणीचा दर किलोला १० रुपये. पहिल्या-दुसऱ्या वेच्याला बोंडे भरलेली असतात आणि एक बाई ५० किलो वेचते. तिला ५०० रुपये मिळतात. शेवटच्या वेच्याला किंवा फरदडीला झाडावर कापूसच नसतो, दिवसभर फिरून २५ किलो होतो. तिला २५० रुपये मिळतात. तिचे श्रम कमी झालेले नाहीत, शेतात कापूस कमी आहे. इथे वरचे १५० रुपये तिचे राहिलेले असतात.

आता जादा तासांचे पाहू. तोच दर धरला तर तासाला ५० रुपये होतात आणि जादा तासाला १०० रुपये. जिनमध्ये, हॉटेलात किंवा दुकानात कोणी अकरा तास काम केले तर आठ तासांचे ४०० आणि तीन तासांचे ३००, असे ७०० रुपये व्हायला हवेत. त्याला ४०० च दिले तर रोजचे ३०० गेले. महिन्याच्या २६ दिवसांत ही रक्कम ७,८०० रुपये होते. एका मुलाच्या वसतिगृहाचा आणि पुस्तकांचा खर्च त्यातून निघू शकतो.

प्रत्यक्ष दर धंद्यानुसार आणि परिमंडळानुसार वेगळे असतात. महाराष्ट्रात मूळ दरावर विशेष भत्ता मिळतो आणि तो दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये बदलतो. २४ जुलै २०१९ च्या अधिसूचनेत दुकाने व व्यापारी आस्थापनांतल्या अकुशल कामगाराचा मासिक मूळ दर महानगरपालिका क्षेत्रात १०,०२१ रुपये, नगरपालिका क्षेत्रात ९,४२५ रुपये आणि उर्वरित भागात ८,८२८ रुपये ठरला, त्यावर विशेष भत्ता वेगळा. बुलढाणा जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही. म्हणजे आपला संपूर्ण जिल्हा खालच्या दोन परिमंडळांत येतो. तेल, डाळ, गॅस सिलिंडर आणि दवाखान्याचा खर्च मात्र परिमंडळ पाहून कमी होत नाही.

अजूनही बाहेर कोण?

यादी गेली, तरी रेघा संपलेल्या नाहीत.

शेतीत किंवा घरकामात पाच किंवा त्याहून कमी माणसे लावणाऱ्या मालकाला हजेरी-वेतनाची नोंदवही ठेवण्यातून आणि पगारपावती देण्यातून सूट आहे. निरीक्षकाने मागितल्यास मजुरी दिल्याचा पुरावा द्यायचा, एवढेच बंधन. आपल्या जिल्ह्यातली बहुतांश शेतमजुरी याच गटात मोडते. म्हणजे शेतमजूर बाईला वेतनाचा हक्क दिला, पण कागद दिला नाही. कागदाशिवाय हक्क सिद्ध करणे किती जड जाते, हे गायरानाच्या प्रकरणांत फिरलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे.

महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आधी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता, २०२५ च्या दुरुस्तीने ही संख्या वीस झाली. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत आणि मोठ्या दुकानांत ९ वरून १० पर्यंत नेण्याला मंजुरी दिली. कारखान्यांतली तिमाही जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले, त्यासाठी कामगाराची लेखी संमती हवी. ज्या कामगाराला नोकरी जाण्याची भीती आहे, त्याची संमती किती खरी, हा प्रश्न एशियाडच्या निकालानेच शिकवलेला आहे. मेहकर-चिखलीच्या बाजारपेठेतल्या दोन-चार नोकरांच्या दुकानाला तासांची ही मर्यादाही लागत नाही. अशा नोकरांना वेतन संहितेतल्या दुप्पट दराचाच आधार आहे.

अंगणवाडी मदतनीस, आशा, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई यांना मिळणाऱ्या पैशाला ‘मानधन’ म्हणतात. नाव बदलले की किमान वेतनाचा प्रश्नच टळतो. आमच्या मते हे कामच आहे आणि त्याला वेतनाचाच दर्जा मिळाला पाहिजे.

रोजगार हमीची कथाही अशीच. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली. १९८८ साली रोहयोचा दर शेतीच्या किमान वेतनाशी जोडला जाऊन जवळपास दुप्पट झाला. पण त्यानंतर कामेच कमी काढली गेल्याचे अभ्यासकांना आढळले. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यातल्या कलम ६ ने रोजगार हमीची मजुरी किमान वेतन कायद्यापासून वेगळी ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा हा दर रोज ३१२ रुपये होता. दर वाढवला पण काम दिले नाही, किंवा काम दिले पण दर कमी ठेवला, दोन्हीकडून मार मजुरालाच.

‘शेतकऱ्याने कुठून द्यावे?’

हा प्रश्न गावात हमखास विचारला जातो आणि तो टाळून चालणार नाही. कापसाला भाव नाही, सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावे लागते, हे खरे आहे. आपल्यातलीही अनेक कुटुंबे दोन-तीन एकर शेती करतात आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करतात. लहान शेतकरी आणि मजूर ही माणसे बऱ्याचदा एकच असतात.

आमचे म्हणणे एवढेच की बियाणे, खत, औषध, डिझेल यांचे दर शेतकऱ्याला कमी करून मिळत नाहीत. हंगामाचा तोटा शेवटी मजुरीतूनच कापला जातो, कारण तिथे विरोध सर्वांत कमी असतो. शेतमालाला भाव मागणारा आणि मजुरीला दर मागणारा मोर्चा एकत्र निघू शकतो. हमीभाव काढताना मजुरीचा खर्च धरला जातोच. तो किमान वेतनाच्या दराने धरावा, ही मागणी दोघांच्याही फायद्याची आहे.

तथागतांनी दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सांगितलेली मालकाची कर्तव्ये इथे आठवावीत : कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगले पदार्थ वाटून खावेत आणि वेळेवर सुट्टी द्यावी. कामाचे तास, मजुरी आणि विश्रांती या तिन्हींचा विचार त्यात आहे. आपल्यातला कोणी वीटभट्टी चालवत असेल, दुकान टाकले असेल, बांधकामाचा ठेका घेत असेल, तर ही कर्तव्ये त्यालाही लागू आहेत. सम्यक आजीविकेची कसोटी आपल्या घरापासूनच लागते.

विहारातून काय करता येईल?

पहिले काम नोंदीचे. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवावी. तारीख, कोणाच्या कामावर, कामाचा प्रकार, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, किलो किंवा एकर, ठरलेला दर, मिळालेले पैसे, बाकी. लिहिता येणाऱ्या मुला-मुलींनी रोज संध्याकाळी दहा मिनिटे द्यावीत आणि मजुराची सही किंवा अंगठा घ्यावा. पाच मजुरांपर्यंतच्या मालकाला वहीची सूट आहे, मजुराला वही ठेवायला कोणी मनाई केलेली नाही. सिद्ध करण्याचा भार मालकावर असल्यामुळे अशी रोजची, सलग नोंद दाव्यात मोठी ताकद ठरते. मोबाइलवर आलेल्या पैशांचे संदेशही जपून ठेवावेत.

दुसरे, चालू दर मिळवून विहाराच्या फलकावर लावणे. जानेवारी आणि जुलैनंतर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून आपल्या भागातल्या धंद्यांचे दर लेखी मागावेत. माहितीचा अधिकार त्यासाठी आहे.

तिसरे, उचलीवर नजर ठेवणे. सालगडी किंवा वीटभट्टीवरचे कुटुंब उचल फेडण्यासाठी किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबत असेल, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली ते प्रकरण जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे नेता येते.

चौथे, दावा एकट्याने न करणे. एकटी बाई दाव्याला गेली की दुसऱ्या दिवशी तिला कामावर बोलावत नाहीत. दहा-वीस जणींनी मिळून, संघटनेच्या नावाने दावा केला तर बहिष्कार टाकणे मालकालाही परवडत नाही, कारण सोंगणीच्या दिवसांत माणसे त्यालाही हवी असतात.

पाचवे, बांधकाम मजुरांची कल्याण मंडळात आणि इतर असंघटित मजुरांची ई-श्रमवर नोंद करून घेणे. या नोंदणीने मजुरी वाढत नाही, पण आपण मजूर आहोत याचा एक सरकारी कागद हाती येतो.

येत्या वर्षावासात किंवा १४ एप्रिलच्या तयारीच्या बैठकीत एक संध्याकाळ या विषयाला द्या. वक्ता बोलावण्याची गरज नाही. वस्तीतल्या चार मजूर बायांना बोलवा, त्यांचे तास आणि पैसे विचारा आणि वहीचे पहिले पान तिथेच लिहा.